फाळके एका सिनेमाने घडले नाहीत

दादासाहेब फाळक्यांची एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते: १९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, डोक्यात वीज चमकली आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. मूकपट पाहिल्याचं खरं आहे. पण वीज पडायला आधी काहीतरी जमलेलं लागतं, ते या गोष्टीत गायब असतं.

तेव्हा फाळके चाळिशीचे होते. जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी, मग छपाई. रंगीत छपाईचं तंत्र बघायला ते जर्मनीलाही जाऊन आले. शिवाय जादूचे प्रयोग, तेही 'फाळके' उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने! शेजारीपाजारी 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणाले असतील, तर नवल नाही.

पण याच चिंध्यांची गोधडी झाली. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर भांडवलदाराला पटवायला त्यांनी काय दाखवलं? कुंडीतल्या वाटाण्याची वाढ, थोडी थोडी चित्रित करून सलग जोडलेली. रोप मिनिटभरात वर येतं. ही नजर फोटोग्राफरची आणि हातचलाखी जादूगाराची. रसायनांशी ओळख फोटोग्राफीतून झालेली, त्यामुळे फिल्म धुणंही घरच्या घरी. फिल्मला भोकं पाडायचं काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत, त्यांचं नाव मात्र या वीज-कथेत कधीच येत नाही.