सर्वर बटणं दाबून नाही, लिहून उभा करायचा

समजा रावेर-यावलकडच्या केळीचे रोजचे भाव दाखवणारं एक ॲप आहे. एरवी दिवसभर चार-दोन लोकं बघतात, पण भाव निघाले की सगळे एकदम तुटून पडतात आणि ॲप बसतं. मग बनवणाऱ्याला फोन, "काय करून राहिला भो, उघडतच नाही!" तो बिचारा क्लाउडच्या, म्हणजे भाड्याने सर्वर देणाऱ्या कंपनीच्या, वेबसाइटवर जाऊन इथे मेमरी वाढव, तिथे पोर्ट (सर्वरमध्ये यायचं दार) उघड असं करत बसतो, आणि महिन्याभराने नेमकं काय काय दाबलं होतं ते त्यालाच आठवत नाही.

आता असं ॲप बहुतेक कंटेनरमध्ये चालवतात. ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान एकदा बांधून एक इमेज बनवायची, आणि त्या इमेजमधून हवे तेवढे कंटेनर काढायचे. आपल्याकडे केळीची टिश्यूची जी-नाईन रोपं लावतात ना, एका मातृरोपापासून हजारो, सगळी सेम टू सेम, तसंच हे. धोकाही तोच बरं का, मूळ झाडातच सीएमव्ही हा केळीचा व्हायरस असला की रोपांतही उतरतो, आणि इमेजमध्ये बग (चूक) असला की प्रत्येक कंटेनरमध्ये तोच बग. 2013 ला डॉकर हे कंटेनर बनवायचं साधन आलं आणि हे सगळं सामान्य डेव्हलपरच्या हातात आलं, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधली मूळ सोय त्याच्या आधीपासून होतीच.

मग हे कंटेनर किती, कुठे, केवढ्या ताकदीचे, हे एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं, त्याला म्हणतात इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड. फाइल वाचून क्लाउडवर तसंच उभं करणारी साधनं असतात: ॲमेझॉनचं क्लाउडफॉर्मेशन 2011 चं, टेराफॉर्म 2014 चं. फाइलमध्ये "आधी हे कर, मग ते कर" असं नसतं, फक्त शेवटी काय पाहिजे ते असतं: मुंबई रीजन (सर्वर कुठल्या भागातले), सीपीयू 256 म्हणजे ॲमेझॉनच्या मापात पाव कोअर, मेमरी 512 एमबी, कंटेनर 2. टेराफॉर्मला प्लॅन म्हटलं की ते आत्ता काय आहे ते बघतं, फाइलशी ताडतं आणि सांगतं की इतक्या गोष्टी नव्या बनतील, इतक्या बदलतील, इतक्या उडतील. पटलं तरच अप्लाय, म्हणजे ते बदल खरंच करायचे. हा प्लॅन न वाचता अप्लाय मारणारे लोक मी पाहिलेत, त्यांना माझा लांबूनच नमस्कार.

इथे बऱ्याच जणांचा एक गोंधळ होतो. रात्री एक कंटेनर मेला तर दुसरा कोण उभा करतं? टेराफॉर्म नाही. ते तुम्ही चालवाल तेव्हाच बघतं, बाकी वेळ झोपलेलं. दोन म्हटलेत तर दोनच चालू आहेत ना यावर चोवीस तास लक्ष ठेवायचं काम ईसीएस (ॲमेझॉनचं) किंवा कुबरनेटीस सारख्या कंटेनर सांभाळणाऱ्या सर्व्हिसचं. दोघंही "पाहिजे ते आणि आहे ते" जुळवतात, पण एक सतत, दुसरं बोलावल्यावर. आणि त्यामुळेच कधीकधी दोघांची जुंपते. भाव निघाले, गर्दी झाली, गर्दीप्रमाणे संख्या आपोआप वाढवणाऱ्या ऑटोस्केलिंगने दोनाचे सहा कंटेनर केले, सगळं छान चाललंय, तेवढ्यात कोणीतरी भलत्याच छोट्या बदलासाठी अप्लाय मारलं. टेराफॉर्म म्हणतं, फाइलमध्ये तर दोन लिहिलेत, आणि चार कंटेनर बंद! म्हणून फाइलमध्येच सांगून ठेवावं लागतं की बाबा संख्येकडे दुर्लक्ष कर, ते काम दुसऱ्याचं.

वेबसाइटवरून गुपचूप केलेल्या बदलांचंही हेच होतं. घाईत कोणी हाताने पोर्ट उघडलं आणि फाइलमध्ये लिहिलं नाही तर फाइल एक सांगते आणि क्लाउडवर दुसरंच असतं, याला ड्रिफ्ट म्हणतात, आणि बऱ्याचदा पुढच्या अप्लायला ते पोर्ट परत बंद होतं, मग शोधत बसा.

टेराफॉर्म कोणती गोष्ट आपण बनवली याची नोंद स्टेट फाइलमध्ये ठेवतं. तिच्यात कधीकधी डेटाबेसचा पासवर्डही उघडा पडलेला असतो, म्हणून ती गिटवर, म्हणजे टीमचा कोड ठेवतात तिथे, टाकायची नाही, कुलूपबंद स्टोरेजमध्ये ठेवायची. आणि टेस्टिंगचा सेटअप काम झालं की डिस्ट्रॉय करून टाका, नाहीतर बिल चालूच राहतं, फाइल असली की परत तसाच उभा करता येतो. फक्त खऱ्या भावांच्या डेटाबेसवर आधी प्रिव्हेंट डिस्ट्रॉय (उडवायला मनाई) लावा, कारण फाइलमधून डेटाबेस परत उभा राहतो, त्यातले जुने भाव नाही.