पॅनेल पंचवीस वर्षांचं, जोड किती वर्षांचा?

नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगर, देवळाली, कुठेही मान वर करा, गच्चीवर सोलर पॅनेल दिसतातच. फेब्रुवारी २०२४ मध्ये घराच्या छतावरच्या सोलरसाठी पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं आणि कोटेशनं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली. कोटेशन हातात पडलं की आपण पॅनेलची कंपनी बघतो, इन्व्हर्टर बघतो, सबसिडी कधी जमा होणार ते विचारतो. तळाशी कुठेतरी ‘डीसी केबल व इतर साहित्य, एक लॉट’ अशी ओळ असते. (डीसी म्हणजे पॅनेलमधून येणारी, एकाच दिशेने वाहणारी वीज; इन्व्हर्टर तिची घरातली एसी करतो.) त्या ओळीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. माझं मत विचाराल तर पहिली चौकशी त्या ओळीची करावी.

आधी थोडा हिशेब. तीन किलोवॅटसाठी साधारण ५४० वॅटची सहा पॅनेल लागतात. चांगल्या उन्हात एक पॅनेल सुमारे ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअर देतं. ही सहा पॅनेल एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडतात. व्होल्ट वाढत जाऊन अडीचशेच्या आसपास पोचतात, प्रवाह मात्र तेराच राहतो. असं का करायचं? गच्चीवरून खाली पार्किंगमधल्या इन्व्हर्टरपर्यंत ३० मीटर केबल धरा, जाऊन-येऊन ६०. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा एवढ्या लांबीला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, भरतो साधारण ०.३ ओहम. उष्णतेत वाया जाणारी वीज म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. तेरा अँपिअरला ती पन्नासेक वॅट, एकूण विजेच्या दीड टक्का. तीच सहा पॅनेल पॅरललमध्ये, म्हणजे सगळी प्लस एकत्र आणि सगळी मायनस एकत्र अशी जोडली असती तर ७८ अँपिअर वाहिले असते आणि हिशेबाने त्याच केबलमध्ये १,८०० वॅटहून जास्त, म्हणजे निम्म्याहून अधिक वीज केबल तापवण्यात गेली असती. अर्थात त्याआधीच केबल जळाली असती.

यातून ‘केबल चार चौरस मिलिमीटरची घ्यायची की सहाची’ या नेहमीच्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. घराच्या गच्चीला चार पुरते. पॅनेल बांधावर आणि विहीर लांब असेल, तर सौरपंपाला सहाची घ्यावी, नासाडी तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. केबल मात्र सोलरचीच हवी. घरातल्या वायरिंगची पीव्हीसी वायर उन्हात ठेवली की काही वर्षांत तडकते. एप्रिल-मेमध्ये पॅनेलच्या पाठीमागे साठ-पासष्ट अंश सहज होतात. सोलर केबलच्या आवरणातल्या प्लॅस्टिकच्या रेणूसाखळ्या एकमेकींना आडव्या बांधलेल्या असतात, म्हणून ते तापून वितळत नाही. आत कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पन्नासहून अधिक बारीक तारा असतात. केबलवर ‘ईएन ५०६१८’ हे सोलर केबलचं युरोपीय मानक आणि १,५०० व्होल्ट डीसी असं छापलेलं असतं. गच्चीवर वेटोळं उलगडलं की ते वाचून घ्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

केबलचं प्रकरण तसं सोपं आहे. खरी गोम जोडात असते.

प्रत्येक पॅनेलच्या पाठीमागून दोन छोट्या केबली निघतात आणि त्यांच्या टोकाला अंगठ्याएवढा काळा कनेक्टर असतो. बाजारात सगळे त्याला एमसी-फोर म्हणतात. मल्टी-कॉन्टॅक्ट या स्वित्झर्लंडच्या कंपनीने तो आणला, आतली पिन चार मिलिमीटरची. ही कंपनी आता स्टॉबलीच्या नावाने ओळखली जाते. पुढे त्या आकाराची नक्कल जगभर झाली. त्यामुळे आज पॅनेलवर एका कंपनीचा कनेक्टर, आणि इन्स्टॉलरने केबलला लावलेला दुसऱ्याच कंपनीचा, हे सर्रास दिसतं. फिटिंगच्या पोराला विचारलंत तर उत्तर ठरलेलं: “काका, एमसी-फोरच आहे, टक्कन बसतंय बघा.”

टक्कन बसतं, हे खरंच आहे. पण आवाज येतो तो बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खाचेचा. वीज वाहते ती आतल्या पिनेला चहूबाजूंनी दाबून धरणाऱ्या स्प्रिंगसारख्या पट्टीतून. दोन कंपन्यांच्या पिनेच्या मापात केसभर फरक असतो, मुलामा वेगळा असतो, पाणी अडवणारी रबरी रिंग वेगळ्या जाडीची असते, प्लॅस्टिक तापल्यावर वेगवेगळं प्रसरण पावतं. आयईसी ६२८५२ या मानकाखाली उष्णता, गारठा, दमट हवा या सगळ्या चाचण्या एकाच कंपनीच्या जोडीवर होतात. मिश्र जोडीची हमी दोघांपैकी एकही कंपनी घेत नाही. पॅनेलवरचा कनेक्टर कारखान्यातूनच लागून येतो, तो आपण बदलायचा नसतो. म्हणून केबलच्या टोकाचा कनेक्टर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा घ्यायचा. पॅनेलच्या डेटाशीटमध्ये तो दिलेला असतो.

चांगल्या जोडाचा रोध असतो अर्ध्या मिलिओहमच्या आत. तेरा अँपिअरला त्यात एक दशांश वॅटही उष्णता होत नाही. पण स्पर्श ढिला पडला, गंज चढला आणि रोध ०.१ ओहमवर गेला, की तीच उष्णता होते १७ वॅट. छोटी सोल्डरिंग आयर्न साधारण पंचवीस वॅटची असते, त्यावरून अंदाज करा. अंगठ्याएवढ्या बंद प्लॅस्टिकमध्ये ही उष्णता कोंडते, धातूवर ऑक्साइड वाढतो, रोध आणखी चढतो, आणखी उष्णता. हे चक्र महिनोन्‌महिने चालतं आणि इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तीन किलोवॅटमधले सतरा वॅट कुणाच्या नजरेत येणार?

कंपनी जुळली तरी दुसरी ठेच लागते क्रिम्पिंगला. पिनेच्या मागच्या नळीत तारा घालून ती दाबतात. योग्य क्रिम्पिंग टूल पूर्ण दाब बसेपर्यंत उघडतच नाही. त्या दाबाखाली गोल तारा एकमेकींत रुतून जवळजवळ एकसंध होतात, मध्ये हवा उरत नाही. असा जोड करवतीने आडवा कापून पाहिला तर मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन दिसतात. पकडीने दाबलेला कापला तर काळ्या फटी दिसतात. त्या फटींतूनच ओल आणि हवा शिरते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि पकड तर प्रत्येकाच्या खिशात असते. म्हणून टीम गच्चीवर चढण्याआधी पेटीतलं क्रिम्पिंग टूल दाखवायला सांगावं. त्यात संकोच कसला.

जोड पूर्ण सुटला तर आणखी कठीण. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे पेटलेली ठिणगी विझायला तिला संधी मिळते. डीसीत ती संधीच नाही. अडीचशे व्होल्टला फट पडली की ठिणगीची कमान पेटते, ती पेटतीच राहते, आणि तिचं तापमान हजारो अंशांत असतं. २०१९ मध्ये वॉलमार्टने टेस्लावर दावा लावला होता, सात दुकानांच्या छतांवर सोलरमुळे आगी लागल्या म्हणून. त्या तक्रारीत सदोष जोडण्यांचा मुद्दा होता. पुढे त्याच वर्षी तडजोड झाली. अशा आगी एकूण विरळाच, पण पॅनेलच्या काचेपेक्षा जोडाकडे बोट जातं ते यामुळे. डीसी बॉक्समध्ये साधा एसीचा एमसीबी, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणारा स्विच, बसवण्याची हातचलाखी म्हणूनच महागात पडते. डीसीचा एमसीबी वेगळा असतो, आणि त्यातही बऱ्याच एमसीबींना प्लस-मायनस ठरलेलं असतं. आतलं चुंबक ठिणगीला विझवण्याच्या कप्प्याकडे ढकलतं, उलटं जोडलं तर भलतीकडे.

नाशिकपुरत्या काही गोष्टी निराळ्या आहेत. पहिली थंडी. गार पॅनेलचे व्होल्ट वाढतात, दर अंशाला साधारण पाव टक्क्याहून थोडे जास्त. भार नसताना एक पॅनेल ४९.५ व्होल्ट देतं, ते २५ अंशांना. बारा पॅनेलची माळ ५९४ व्होल्टची, आणि इन्व्हर्टरची मर्यादा ६०० असेल तर कागदावर सगळं ठीक दिसतं. निफाडला पारा पाच अंशांवर आला की सूर्योदयाला तीच माळ ६२७ व्होल्टवर जाते आणि इन्व्हर्टर उडू शकतो. अशा ठिकाणी माळेत एखादं-दुसरं पॅनेल कमीच ठेवावं.

दुसरी गोष्ट द्राक्षबागांची. गंधकाची पावडर, बोर्डो मिश्रण यांची फवारणी जवळ होत असेल, किंवा शेजारी गोठा असेल, तर गंधक आणि अमोनिया तांब्याला खातात. कनेक्टरची मागची टोपी पूर्ण आवळलेली असेल तरच आत शिरकाव होत नाही. आणि कृपा करून त्यावर वंगणाचा स्प्रे मारू देऊ नका, काही रसायनांनी ते प्लॅस्टिक तडकतं. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पावसाचं पाणी गच्चीवर साचतं. तिथे जोड स्लॅबवर लोळत न ठेवता रचनेच्या पट्टीला क्लिपने वर बांधायचा. वळवाच्या विजांसाठी प्लस आणि मायनस केबल शेजारी शेजारी न्यायच्या. दोघींमध्ये मोठा फेरा पडला, तर जवळपास वीज पडताना बदलणारं चुंबकीय क्षेत्र त्या फेऱ्यात झटका निर्माण करतं. हे काम फुकटात होतं, फक्त आधी सांगावं लागतं.

पावसाळा संपला की एकदा जोड बघून घ्यावेत: रंग पिवळा-तपकिरी झालाय का, प्लॅस्टिक मऊ पडलंय का. भर उन्हात दोन जोडांच्या तापमानात फरक दिसला, तर गरम असलेला बदलायचा. थर्मल कॅमेरा असलेले इलेक्ट्रिशियन आता शहरात मिळतात. मात्र चालू स्थितीत कनेक्टर ओढून काढायचा नाही. आधी एसी बंद, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच, मग केबलभोवती धरून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर शून्य अँपिअर, त्यानंतरच हात. एवढं करूनही माळेच्या दोन टोकांत दिवसा अडीचशे व्होल्टहून जास्त असतातच, कारण ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करायला बटणच नसतं.