कर्नलमधील चॅनेल-कोडची साफसफाई

आभासी यंत्र, म्हणजे गेस्ट, आणि त्याला जागा देणारा होस्ट यांच्यात माहितीची ने-आण करणाऱ्या वाटेचा, म्हणजे चॅनेलचा, कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) कोड, त्याचे वर्तन न बदलता, सुबक करण्याचे काम. सांगलीकराला ते पाटावरून चटकन उमगेल. खोडशी बंधाऱ्यावरून येणाऱ्या कृष्णा कालव्याच्या पाण्याची पाळी येण्याआधी शेतकरी पाटातले गवत आणि गाळ काढतो. उताराला आणि बांधाला हात लावत नाही. चॅनेलच्या कोडलाही हेच पथ्य आहे.

हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीत या मार्गाला व्हीएमबस म्हणतात. त्याच्या प्रत्येक चॅनेलला दोन रिंग बफर, म्हणजे शेवट आला की पुन्हा सुरुवातीकडे वळणारे गोलाकार साठे, असतात, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. ही दोघांना दिसणारी सामाईक मेमरी. लिहिणारा माहिती ठेवून लेखन-निर्देशांक पुढे सरकवतो, वाचणारा वाचन-निर्देशांक घेऊन मागून येतो. दोन्ही जुळले की बफर रिकामा. म्हणूनच तो काठोकाठ भरू देत नाहीत, नाहीतर भरलेला आणि रिकामा बफर सारखेच दिसतील.

या सफाईचे सर्वांत बोलके उदाहरण लिनक्समधले आहे. जुलै २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे २०,००० ओळींचे हायपर-व्ही ड्रायव्हर जीपीएल या मुक्त परवान्याखाली दिले. ते लिनक्स कर्नलच्या २.६.३२ आवृत्तीच्या स्टेजिंग विभागात, म्हणजे कच्च्या कोडच्या अंगणात, दाखल झाले. फंक्शनची नावे विंडोज वळणाची होती, संदेश छापण्याचे मॅक्रो (कोडमधले लघुरूप) वेगळे होते, आणि मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम झाकणारा एक जादा थर होता. हे सगळे एकेक करून निघाले. ३.० आवृत्तीत मायक्रोसॉफ्टचे के. वाय. श्रीनिवासन यांचे एकट्याचे ३४३ पॅच, म्हणजे कोडमधले सुटे बदल, होते. जानेवारी २०१२ मधील ३.२ आवृत्तीत व्हीएमबसचा गाभा स्टेजिंगमधून बाहेर पडला. एवढ्या चिकाटीच्या कामाला ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हणणे अन्यायाचे आहे.

धोका मात्र खराच असतो. लेखन-निर्देशांक सरकवल्यावर, समोरच्याला इंटरप्ट, म्हणजे जागे करणारा इशारा, हवा आहे का, हे पाहावे लागते. या दोन पायऱ्यांच्या मध्ये मेमरी बॅरियरची, म्हणजे पायऱ्यांचा क्रम राखायला लावणारी, एक ओळ असते. नवख्याला ती फालतू वाटते. ती काढली तर प्रोसेसर तपासणी आधी उरकू शकतो, नेमका त्याच क्षणी वाचणारा झोपी जातो आणि निरोप बफरमध्ये पडून राहतो. नेहमीच्या संगणकातल्या एक्स८६ प्रोसेसरवरही हे घडू शकते. शंभरदा चालवून दिसणार नाही, आणि एखाद्या दिवशी गेस्ट अचानक ठप्प होईल. म्हणून अशा ओळीशेजारी ती का आहे हे लिहून ठेवणे हाच सफाईचा सर्वांत मोलाचा भाग आहे, असे या नोंदकाराचे मत आहे.

रीत साधी: एका पॅचमध्ये एकच गोष्ट. नाव बदलताना तर्क बदलायचा नाही, प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झालाच पाहिजे. मांडणी तपासायला चेकपॅच ही स्क्रिप्ट आहे. २०२० पासून ती ८० ऐवजी १०० अक्षरांपलीकडच्या ओळीवर हटकते.

विश्रामबागेतल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा साताऱ्यात शिकणाऱ्या मुलामुलींना यासाठी सर्व्हर लागत नाही. एका लॅपटॉपवर क्यूईएमयू हे आभासी यंत्र उभे करणारे सॉफ्टवेअर चालवले की व्हर्टिओ या, व्हीएमबससारखेच काम करणाऱ्या, भावंड-पद्धतीचे बफर हाताळून पाहता येतात.