एरर ६५ची वंशावळ: युनिक्स खाती एलडॅपमध्ये कशी आली

लिनक्स किंवा युनिक्स मशीन एलडॅप या प्रोटोकॉलने मध्यवर्ती डिरेक्टरीला जोडताना येणाऱ्या स्कीमाच्या, म्हणजे नोंदीत काय आणि कसं लिहायचं या नियमांच्या, चुका तशा ठरलेल्या आहेत. १७ क्रमांकाची चूक आली, तर सर्व्हरला ते अ‍ॅट्रिब्यूटच, म्हणजे नोंदीतला तो रकानाच, ठाऊक नाही. २१ आली, तर भरलेला मजकूर त्या अ‍ॅट्रिब्यूटच्या नियमात बसत नाही. ६५ म्हणजे ऑब्जेक्टक्लासचा, नोंदीच्या प्रकाराचा, नियम मोडला. सगळ्यात छळणाऱ्या चुकीला मात्र क्रमांकच नाही: लॉगिन होतं, होम डिरेक्टरी उघडते, आणि आपले ग्रुप दाखवणारी ‘आयडी’ कमांड दिली की निम्मे ग्रुप गायब. अशा वेळी माणूस कॉन्फिग फाइलमधली एकेक ओळ बदलून पाहत बसतो. ओळीत बहुधा काहीच चुकलेलं नसतं. क्लायंट एका काळातला स्कीमा धरून बसलेला असतो आणि सर्व्हर दुसऱ्या काळातला.

हे दोन काळ कुठून आले, ते पाहायचं तर एनआयएसपासून, युनिक्सची खाती नेटवर्कवर वाटणाऱ्या जुन्या व्यवस्थेपासून, सुरुवात करावी लागते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकाच्या मध्यावर ही व्यवस्था आणली. आधी तिचं नाव ‘येलो पेजेस’ होतं. ब्रिटिश टेलिकॉमच्या ट्रेडमार्कमुळे ते बदलावं लागलं, पण ‘वायपीकॅट’, ‘वायपीबाइंड’ या कमांड तशाच राहिल्या. एनआयएसमध्ये स्कीमा नावाचा प्रकारच नव्हता. पासवर्ड फाइलची सात रकान्यांची ओळ जशीच्या तशी नेटवर्कवर वाटली जायची. ग्रुपच्या ओळीत शेवटी सदस्यांची लॉगिन नावं स्वल्पविराम देऊन लिहिलेली. त्या नावाचा माणूस खरंच आहे का, हे कुणी विचारत नसे.

डिरेक्टरीचं घराणं अगदी वेगळं. १९८८च्या एक्स.५०० मानकात प्रत्येक नोंद ‘कशाची’ आहे हे आधी ठरलेलं लागतं: व्यक्ती, संस्था, उपकरण. या मूळ जातीला १९९३च्या आवृत्तीत स्ट्रक्चरल क्लास म्हटलं गेलं, आणि एका नोंदीला अशी एकच वंशरेषा मिळते. बाकीचे गुण ऑक्झिलरी क्लास म्हणून वरून जोडायचे, ते हवे तितके. एक्स.५००ला जड नेटवर्क थर लागत, म्हणून मिशिगन विद्यापीठातले टिम हाउज, आणि त्यांच्याबरोबर स्टीव्ह किल व वेंगयिक याँग, यांनी १९९३मध्ये एलडॅपचा पहिला आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा क्रमांकित दस्तऐवज, लिहिला. प्रोटोकॉल हलका झाला. जातींची शिस्त मात्र कागदावर तीच राहिली. तिसरी आवृत्ती डिसेंबर १९९७ची.

या दोन घराण्यांची सोयरीक लावली ल्यूक हॉवर्ड यांनी, मार्च १९९८मध्ये, आरएफसी २३०७ लिहून. ‘पॉझिक्सअकाउंट’, ‘शॅडोअकाउंट’, ‘पॉझिक्सग्रुप’, ‘युआयडीनंबर’, ‘मेंबरयुआयडी’ ही सगळी नावं तिथली. दस्तऐवजाच्या माथ्यावर ‘एक्सपेरिमेंटल’ असा दर्जा आहे, आणि तो आजही बदललेला नाही. जगभरातली कार्यालयं आणि विद्यापीठं ज्या व्याख्यांवर खाती चालवतात, त्या औपचारिकपणे प्रयोगच आहेत.

प्रयोगाच्या खुणा आत दिसतात. ‘पॉझिक्सअकाउंट’ ऑक्झिलरी ठेवला, म्हणजे व्यक्तीच्या नोंदीवर तो सहज चढतो. ‘पॉझिक्सग्रुप’ मात्र स्ट्रक्चरल. त्यामुळे जी नोंद डिरेक्टरीच्या रीतीने आधीच ‘ग्रुपऑफनेम्स’ आहे, तिला युनिक्सचा ग्रुप बनवता येत नाही. दोन स्ट्रक्चरल जाती झाल्या आणि ६५ समोर आली. शिवाय ‘मेंबरयुआयडी’मध्ये नुसतं लॉगिन नाव बसतं, थेट एनआयएसच्या ओळीतून उचललेलं. डिरेक्टरीत सदस्य म्हणजे त्या माणसाच्या नोंदीचं पूर्ण नाव, डीएन. माझ्या मते पुढच्या वीस वर्षांच्या डोकेदुखीचा मोठा वाटा या दोन निर्णयांतून आला. निर्णय मूर्खपणाचे नव्हते. १९९८मध्ये एनआयएस बंद न पाडता स्थलांतर करायचं होतं, आणि त्यासाठी जुनी ओळ जशीच्या तशी परत मिळणं गरजेचं होतं.

एक लहान विसंगती अनेकांच्या लक्षात येत नाही. एलडॅपमध्ये ‘युआयडी’ची, म्हणजे लॉगिन नावाची, तुलना लहान-मोठी अक्षरं न पाहता होते, ‘मेंबरयुआयडी’ची ती पाहून होते. आयात करताना नाव एकीकडे मोठ्या अक्षराने आणि दुसरीकडे लहान अक्षराने पडलं, तर शोध लागतो पण सदस्यत्व जुळत नाही.

दुरुस्तीसाठी पुढे ‘२३०७बिस’ नावाचा मसुदा निघाला. त्यात ‘पॉझिक्सग्रुप’ ऑक्झिलरी झाला आणि सदस्य डीएनने लिहायची सोय आली. मसुद्याची मुदत संपत गेली, आरएफसी कधी झाला नाही, पण स्कीमा फाइल हातोहात पसरली. त्यातही गाठ राहिलीच: ‘ग्रुपऑफनेम्स’ला किमान एक सदस्य सक्तीचा, आणि युनिक्सला रिकामा ग्रुप चालतो. शेवटच्या माणसाला ग्रुपमधून काढलं की पुन्हा ६५. काही जण त्यासाठी ग्रुपमध्ये खोटा सदस्य घालून ठेवतात.

तोवर सर्व्हर कडक होत गेले. मिशिगनच्या कोडवरून १९९८मध्ये निघालेल्या ओपनएलडॅपने २.० आवृत्तीत, म्हणजे २०००मध्ये, एलडॅपची तिसरी आवृत्ती आणली. स्ट्रक्चरल वंशरेषेची तपासणी सक्तीची झाली ती २.१पासून, २००२मध्ये. त्याआधी भरलेल्या नोंदींमध्ये ‘अकाउंट’ आणि ‘आयनेटऑर्गपर्सन’ हे दोन स्ट्रक्चरल क्लास सुखाने एकत्र नांदत होते. अपग्रेडनंतर त्याच नोंदी ‘इनव्हॅलिड स्ट्रक्चरल ऑब्जेक्ट क्लास चेन’ म्हणून परत येऊ लागल्या. डेटा तोच होता, नियमही १९९३चाच. पहारेकरी तेवढा जागा झाला. ‘स्कीमाचेक ऑफ’ करा, म्हणजे तपासणीच बंद करा, असा सल्ला त्या काळात सर्रास दिला जाई. त्या सल्ल्यावर चाललेल्यांची चूक फक्त पुढच्या अपग्रेडपर्यंत लांबली.

लोक ‘अकाउंट’ला चिकटून का होते, यालाही कारण आहे. कोणी कोणत्या मशीनवर लॉगिन करावं हे ठरवणारं ‘होस्ट’ अ‍ॅट्रिब्यूट त्या क्लासमध्ये होतं आणि ‘आयनेटऑर्गपर्सन’मध्ये नव्हतं. म्हणून ‘एलडॅपएनएस’ ही छोटी स्कीमा फाइल आली. तिच्यातला ‘होस्टऑब्जेक्ट’ ऑक्झिलरी आहे, तो जोडला की भांडण मिटतं.

फाइली लोड करतानाच्या चुकाही याच इतिहासातून येतात. ओपनएलडॅपची ‘एनआयएस’ स्कीमा ‘कोअर’ आणि ‘कोसाइन’ यांच्यावर उभी आहे. क्रम चुकला की ‘अ‍ॅट्रिब्यूट टाइप नॉट फाउंड’. ‘एनआयएस’ आणि ‘२३०७बिस’ दोन्ही एकदम घातल्या की ‘डुप्लिकेट’, कारण दोघींतल्या व्याख्यांचे ओआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, तेच. दोन्हींतली एकच निवडायची असते, आणि ती ग्रुप भरायच्या आधी.

मायक्रोसॉफ्टची वाट निराळी. विंडोज २०००च्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत युनिक्सची अ‍ॅट्रिब्यूटं नव्हती. ‘सर्व्हिसेस फॉर युनिक्स’ बसवल्यावर ती येत, पण ३.० आवृत्तीत ‘एमएसएसएफयू३०’ असा उपसर्ग लावून. त्याआधीच्या २.०ने तर ‘युआयडी’ची व्याख्याच मानकापेक्षा वेगळी घातली होती, आणि विंडोज सर्व्हर २००३चा स्कीमा चढवताना गाडी तिथे अडत असे. आरएफसीतली नावं थेट मिळाली ती २००३ आर२पासून. तरी एक नाव सुटलं. ‘होमडिरेक्टरी’ हे अ‍ॅट्रिब्यूट विंडोजने आपल्या नेटवर्क फोल्डरसाठी आधीच घेतलं होतं, म्हणून युनिक्सचा मार्ग ‘युनिक्सहोमडिरेक्टरी’त गेला. २०१६मध्ये ‘युनिक्स अ‍ॅट्रिब्यूट्स’ हा टॅब काढला गेला. अ‍ॅट्रिब्यूटं मात्र स्कीमात आहेत, आणि टॅब दिसत नाही म्हणून ती गेली असं समजणारे अजूनही भेटतात.

क्लायंटच्या बाजूला आज बहुतेक ठिकाणी एसएसएसडी, डिरेक्टरीतून खाती आणणारा लिनक्सवरचा प्रोग्राम, असतो. त्याच्या एलडॅप प्रोव्हायडरला, म्हणजे एलडॅपशी बोलणाऱ्या भागाला, स्कीमा सांगितला नाही, तर तो मूळ २३०७ धरतो आणि ‘मेंबरयुआयडी’ शोधतो. सर्व्हरवर २३०७बिस असेल, तर ग्रुप सापडतो, माणसं सापडत नाहीत, आणि एररही येत नाही. सुरुवातीला सांगितलेली क्रमांक नसलेली चूक हीच. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या प्रोव्हायडरचा पवित्रा उलटा: तो मुळात एसआयडीवरून, म्हणजे विंडोजच्या ओळख क्रमांकावरून, युनिक्सचा युआयडी क्रमांक स्वतः काढतो, डिरेक्टरीत कष्टाने भरलेले क्रमांक पाहतच नाही. मग जुन्या एनएफएस शेअरवरच्या, म्हणजे नेटवर्कवर वाटलेल्या फोल्डरमधल्या, फाइली कुणा अनोळखी क्रमांकाच्या नावावर दिसतात.

मराठी नावं देवनागरीत ठेवणाऱ्यांना २१ क्रमांकाची चूक हमखास भेटते. ‘जीकॉस’ हा पासवर्ड ओळीतला पाचवा रकाना, बेल लॅब्जमधल्या जुन्या जीकॉस यंत्रणेच्या कामांसाठी राखलेला. आरएफसी २३०७ने त्याला आयए५ मजकुराचा प्रकार दिला, म्हणजे फक्त इंग्रजी संगणकी अक्षरसंच. तिथे ‘सुनीता’ लिहिलं की सर्व्हर परत पाठवणारच. ‘सीएन’ला, नावाच्या नेहमीच्या रकान्याला, ती अडचण नाही, ते युटीएफ-८ घेतं. आणि ‘जीकॉस’ नसेल तर ‘सीएन’ वापरावं, असं त्याच आरएफसीत लिहिलं आहे. तेव्हा लिप्यंतर करत बसण्यापेक्षा नोंदीतून ‘जीकॉस’ काढून टाकलेलं बरं.