नोकरी सोडायची, पण नेमकं काय सुरू करायला?

‘नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय’ असं म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. एक म्हणजे आपलं कौशल्य मालकाला न विकता थेट ग्राहकांना विकायचं. दुसरी म्हणजे आपण जागेवर नसतानाही चालेल असं काहीतरी उभं करायचं. पहिला स्वयंरोजगार, दुसरा व्यवसाय. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हीकडे साहेब नसतो, हजेरी नसते आणि बिलावर आपलंच नाव असतं. आत शिरलं की पैशाचं गणित, वेळ, जोखीम सगळंच वेगळं. यातलं आपल्याला काय हवंय हे ठरल्याशिवाय नोकरी सोडावी की टिकवावी, या प्रश्नाला हातच घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

फरक ओळखायचा असेल तर महिनाभर अंथरुणाला खिळल्याची कल्पना करा. नोकरीत रजा असते, निदान काही दिवस पगार येत राहतो. स्वयंरोजगारात हात थांबले की आवक थांबते. व्यवसायात कामं रेंगाळतील, तक्रारी वाढतील, पण माल जात राहील आणि पैसे येत राहतील. आणखी एक खूण आहे. व्यवसाय विकता येतो, कारण त्यात नाव, यंत्रं, ग्राहक आणि बसलेली कामाची घडी असते. स्वयंरोजगारात विकायला फारसं काही नसतं. लोक तुमच्याकडे तुमच्यासाठी येतात, तुम्ही गेलात की तेही गेले.

आता पैसा. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर.

आधी स्वयंरोजगाराचा हिशेब. आठवड्याला ५ दिवस धरले तर वर्षाचे २६० दिवस. सुट्ट्या आणि आजारपणाचे ३० वजा केले की २३०. नवं काम शोधणं, दरपत्रक देणं, बिलं करणं, थकलेल्या पैशासाठी फोन करणं यात समजा ९० दिवस गेले. उरले १४०. नोकरीत २६० दिवसांचा पगार मिळत होता, इथे तेवढीच रक्कम १४० दिवसांत काढायची. म्हणजे रोजचा दर पगाराच्या हिशेबापेक्षा साधारण १.८६ पट हवा. विमा, निवृत्तीची तरतूद, संगणक, जागा, जे मालक भरत होता ते अजून यात धरलेलंच नाही. म्हणून पगाराच्या दुप्पट दर सांगणारा माणूस लोभी नसतो, त्याने हिशेब केलेला असतो. पगाराला कामाच्या दिवसांनी भागून तोच दर ग्राहकाला सांगणारा मात्र स्वतःचा पगार कापून घेत असतो आणि ते त्याला वर्षअखेरीस कळतं.

व्यवसायाचा हिशेब निराळ्या ठिकाणी चुकतो. समजा उलाढाल १००, खर्च ८० आणि उरले २०. मालक खूश. पण खर्चात त्याने स्वतःचा पगार धरलेला नाही. तेवढ्याच कष्टाचे त्याला नोकरीत २५ मिळाले असते, तर खरं म्हणजे तो ५ नं तोट्यात आहे. मालकाचा पगार हा खर्च आहे. तो पहिल्या दिवसापासून वहीत लिहावा, उचलला नाही तरी लिहावा.

दुसरी गोम खेळत्या भांडवलाची. कच्च्या मालाचे पैसे आधी द्यावे लागतात, कामगारांचा पगार ३० दिवसांनी, आणि ग्राहकाचे पैसे येतात ६० दिवसांनी. ही मधली फट कोणीतरी भरायची असते आणि तो कोणीतरी म्हणजे तुम्ही. ऑर्डरी दुप्पट झाल्या की फटही दुप्पट होते. कागदावर नफा दिसत असताना खात्यात पगारापुरते पैसे नाहीत, ही वेळ चांगल्या चाललेल्या धंद्यांवरही येते. नोकरदाराला हा अनुभव नसतो, म्हणून त्याने आधीच याची धास्ती घ्यावी, हे मी कळकळीने सांगतो.

अर्थशास्त्रज्ञ बार्टन हॅमिल्टन यांनी २००० साली अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवलं, की दहा वर्षं स्वतःचं काम करणाऱ्यांची मध्यक कमाई (म्हणजे सगळ्यांना कमाईनुसार ओळीत उभं केलं तर मधोमध येणाऱ्याची) नोकरीत मिळाली असती त्यापेक्षा ३५ टक्के कमी होती. तरीही लोक त्यात टिकून होते. स्वतःच्या मर्जीने काम करण्याचं मोल त्यांना पैशापेक्षा जास्त वाटलं असावं, असा त्याचा अर्थ लावला जातो. यात मला काहीच गैर दिसत नाही. फक्त ते मोल जाणूनबुजून मोजावं, ‘जास्त पैसे मिळतील’ अशा समजुतीत नव्हे.

मर्जीचंही तपासून पाहावं. निम्म्याहून जास्त उत्पन्न एकाच ग्राहकाकडून येत असेल, तर तुम्हाला साहेब आहेच, फक्त रजा आणि नोटिशीची मुदत गेली. आणि व्यवसायात उतरलात तर ज्या कामाची आवड म्हणून नोकरी सोडली, तेच हातातून सुटत जातं. माणसं नेमणं, विक्री, वसुली, भांडणं मिटवणं यात दिवस जातो. ज्याला सुतारकामात जीव रमवायचा आहे त्याने कारखाना काढू नये. त्याच्यासाठी स्वयंरोजगार किंवा चांगली नोकरीच बरी, आणि यात कमीपणा कसला?

सोडावी की टिकवावी, याला मधली वाटही आहे. पिएर ओमिड्यार यांनी ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळाची सुरुवात १९९५ साली नोकरीत असतानाच केली आणि उत्पन्न पगाराला पुरून उरायला लागल्यावर १९९६ मध्ये ती नोकरी सोडली. रॅफी आणि फेंग या संशोधकांच्या २०१४ च्या अमेरिकी अभ्यासात, नोकरी सांभाळून सुरुवात करून मग पूर्णवेळ उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याचा धोका एकदम उडी मारलेल्यांपेक्षा सुमारे ३३ टक्के कमी आढळला. वय निघून चाललंय म्हणून घाई करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या सर्वांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ निघालं होतं.

जोडकाम सुरू करण्याआधी नेमणूकपत्र नीट वाचा. दुसरं काम करायला मनाई आहे का, नोकरीच्या काळात तुम्ही बनवलेल्या वस्तूवर किंवा प्रोग्रॅमवर कंपनीचा हक्क लागतो का, नोकरी सोडल्यावर तिच्या ग्राहकांकडे जायला बंदी आहे का, हे तीन मुद्दे शोधा. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा ईमेल, कंपनीची वेळ यातलं काहीही आपल्या कामाला वापरू नका. कलम मोघम वाटलं तर पहिलं बिल काढण्याआधी वकिलाला दाखवा, नंतर नव्हे.