हिमदंशावर बर्फ चोळायचा नसतो!

अलास्का, युकॉन किंवा सायबेरियातल्या साहसकथांमध्ये एक प्रसंग हमखास येतो: गोठून पांढऱ्या पडलेल्या बोटांवर सोबती मूठभर बर्फ चोळतो आणि बोटं वाचतात. लडाखच्या हिवाळी ट्रेकला निघालेले आपले लोकही हा 'उपाय' एकमेकांना सांगतात, म्हणून हा खुलासा. तो उपाय नाही, इजा आहे.

हिमदंशात पेशींभोवतीच्या पाण्याचे स्फटिक होतात. चोळलं की आधीच दुखावलेली त्वचा आणखी फाटते, आणि बर्फाने उरलीसुरली ऊबही जाते.

मग हे आलं कुठून? नेपोलियनचा शल्यचिकित्सक लॅरे याने १८१२ च्या रशिया मोहिमेत सैनिकांना बधिर झालेले पाय शेकोटीवर धरताना पाहिलं. पाय भाजायचे, दुसऱ्या दिवशीच्या चालीत पुन्हा गोठायचे आणि सडायचे. त्याचं निरीक्षण अचूक होतं. पण त्यावरून त्याने ऊबच टाळा, बर्फ चोळा असं सांगितलं, आणि ते शतकाहून अधिक काळ टिकलं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अलास्कातल्या डॉक्टरांनी कोमट पाण्याने झटपट ऊब देण्याची पद्धत रुळवली.

आजची रीत अशी: ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात भाग बुडवून ठेवा, मऊ आणि लालसर होईपर्यंत. साधारण अर्धा तास लागतो, वेदना भयंकर होतात. वाटेत पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर मात्र वितळवू नका; कोरडं झाकून खाली उतरा. ब्रँडी तर नकोच, तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीराची उष्णता बाहेर जाते.