स्क्रिप्ट प्रोग्रॅमचे पॅकेजिंग

पायथन, पर्ल, टीसीएल, रूबी यांसारख्या स्क्रिप्टिंग भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम, त्याला लागणारी मॉड्यूल्स आणि त्या भाषेचा इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) एकत्र बांधून वितरित करण्याची पद्धती. वापरणाऱ्याच्या संगणकावर ती भाषा इन्स्टॉल केलेली असावी लागत नाही. पीएचपीची ‘फार’ फाइल (आवृत्ती ५.३, २००९) आणि पायथनचे ‘झिपॲप’ (आवृत्ती ३.५, २०१५) यांत इंटरप्रिटर नसतो, त्यामुळे काटेकोर अर्थाने ती या प्रकारात मोडत नाहीत.

या पद्धतीचा उगम दोन ठिकाणी शोधता येतो. चालू प्रोग्रॅमची स्मृतिप्रतिमा डिस्कवर उतरवून तीच पुढे चालवण्याची रीत लिस्प प्रणालींत होती. जीएनयू ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरचे ‘अनएक्झेक’ याच धाटणीचे. दुसरा धागा स्वतःच उलगडणाऱ्या आर्काइव्हचा (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या फाइलचा). आजची साधने स्मृतीची अवस्था जपत नाहीत, फक्त सोर्स (मूळ कोड) किंवा बाइटकोड (इंटरप्रिटरसाठी रूपांतरित केलेला कोड) वाहून नेतात. हे पाहता दुसरा धागा अधिक जवळचा वाटतो. पायथनसोबत मिळणारी ‘फ्रीझ’ ही जुनी स्क्रिप्ट मात्र दोन्हींत बसत नाही. ती बाइटकोडचे सी भाषेतील ॲरे तयार करी, म्हणून पॅकेज करणाऱ्याकडे सी कंपायलर असावा लागे.

कंपायलरची ही गरज संपली ती तयार इंटरप्रिटरच्या शेपटाला आर्काइव्ह जोडण्याच्या युक्तीमुळे. ऑपरेटिंग सिस्टीमचा लोडर (प्रोग्रॅम स्मृतीत आणणारा भाग) फाइल सुरुवातीपासून वाचतो आणि हेडरमध्ये सांगितलेलेच भाग स्मृतीत घेतो. मागचे बाइट तो पाहत नाही. झिप फाइलची सूची उलट शेवटी असते. ती वाचणारा प्रोग्रॅम मागून सुरुवात करून ‘पीके’ (झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे) या अक्षरांनी सुरू होणारी, किमान २२ बाइटांची नोंद शोधतो. त्यामुळे एकच फाइल पुढून प्रोग्रॅम आणि मागून आर्काइव्ह ठरते. एक अडचण उरते: सूचीतील स्थाने फाइलच्या आरंभापासून मोजलेली असतात आणि पुढे इंटरप्रिटर जोडला की ती तेवढ्या लांबीने चुकतात. काही वाचणारे प्रोग्रॅम हा फरक स्वतः काढतात, काही फाइल नाकारतात. झिप साधनाचा ‘-ए’ (इंग्रजी कॅपिटल A) हा पर्याय स्थाने दुरुस्त करतो. टीसीएलमधील स्टारपॅकने हेच तत्त्व वापरले, पण झिपऐवजी मेटाकिट डेटाबेस जोडून. स्टारकिट-स्टारपॅकची मांडणी स्टीव्ह लँडर्स यांनी २००२ मध्ये केली. तिचा पाया झाँ-क्लोद विप्लर यांचे टीसीएलकिट (एकाच फाइलमधील टीसीएल इंटरप्रिटर) हा होता.

सी भाषेतील एक्स्टेंशन लायब्ररी आर्काइव्हमधून थेट लोड होत नाही. लोडरला सहसा डिस्कवरचा पाथ लागतो. म्हणून पायथनचे पॅकेजिंग साधन पायइन्स्टॉलर ‘वनफाइल’ (एकच फाइल) प्रकारात दर वेळी तात्पुरत्या फोल्डरमध्ये सारे उलगडतो. त्याने सुरुवात मंदावते आणि प्रोग्रॅम जबरीने बंद केल्यास फोल्डर मागे राहते. या फोल्डरच्या नावातील ‘एमईआय’ ही अक्षरे गॉर्डन मॅकमिलन यांच्या मूळ इन्स्टॉलरची खूण होत. मॉड्यूल्सचा शोध कोड न चालवता, केवळ इम्पोर्ट विधाने वाचून घेतला जातो. ज्याचे नाव प्रोग्रॅम चालू असताना ठरते ते मॉड्यूल हुकते आणि ते ‘हिडन इम्पोर्ट’ म्हणून हाताने सांगावे लागते. लिनक्सवर जुन्या ग्लिबसीच्या (सी भाषेच्या मूळ लायब्ररीच्या) मशीनवर बांधलेली फाइल नव्यावर चालते, उलट बहुधा नाही. विंडोजवर डिजिटल सही आर्काइव्ह जोडल्यानंतरच करावी लागते.

पर्लचे पार पॅकर, रूबीचे ओक्रा ही साधने याच वळणाची आहेत. नोड.जेएसमध्ये अशी सोय २०२३ मध्ये प्रायोगिक रूपात आली. न्यूइट्का पायथन कोडचे सी भाषेत रूपांतर करते, त्यामुळे तिचा मार्ग वेगळा आहे. पॅकेजिंगने सोर्स लपतो असा समज आढळतो. पण बाइटकोड आर्काइव्हमधून सहज बाहेर काढता येतो.